नेटआयडी, ड्युओ आणि भाच्याला दिलेला फोन

दर ऑगस्टमध्ये अमेरिकेत नवी बॅच उतरते आणि दर डिसेंबरमध्ये त्यातलं कुणीतरी सुट्टीवरून मला फोन करतं, "दादा, विद्यापीठाचं लॉगिनच होत नाहीये." म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

नेटआयडी म्हणजे विद्यापीठाचं लॉगिन-नाव. त्याचा पासवर्ड लांबलचक ठेवा, नाव-जन्मसाल नको. हे तुम्हाला कळतं.

कळत नाही ते दुसरं कुलूप. बहुतेक विद्यापीठांत पासवर्डनंतर ड्युओ किंवा तसलंच एखादं अ‍ॅप 'तुम्हीच ना?' म्हणून फोनवर विचारतं. हिरवं बटण दाबलं की आत. पण पासवर्ड बदलायलाही तेच लागतं! मी पहिल्याच सुट्टीत डोंबिवलीला नवा फोन घेतला आणि जुना पुसून भाच्याला दिला. नव्यावर ड्युओ टाकलं, तर ते कोरं. अमेरिकेतला प्रीपेड नंबर चार पैसे वाचवायला बंद केलेला, त्यामुळे एसेमेसचाही रस्ता खुंटला. त्यातच पासवर्डची मुदत संपली.

आमचं हेल्प डेस्क सकाळी आठला उघडायचं, म्हणजे डोंबिवलीत संध्याकाळी साडेसात. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट धरून बसलो. बाईंनी जन्मतारीख विचारली. मी म्हणालो, "फाइव्ह, एट." माझा वाढदिवस पाच ऑगस्टचा, त्यांनी ऐकला आठ मे. दोनदा तेच झालं आणि "हॅव अ ग्रेट डे" म्हणून फोन बंद. इथली माणसं बोलायला साखर, पण नियमापुढे सूतभर हलत नाहीत. गयावया करू नका, वेळ जातो. तीन दिवसांनी आत शिरलो तोवर फीची तारीख उलटलेली. दीडशे डॉलर दंड, तेव्हाचा माझा महिन्याचा किराणा.

तेव्हा जन्मतारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या: ऑगस्ट फाइव्ह. जुना फोन पुसण्याआधी नवा ड्युओत नोंदवा. पुन्हा सांगतो, पुसण्याआधी. बॅकअप कोड मिळत असतील तर कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. भारतातल्या नंबरवर विसंबू नका. नव्वद दिवस वापर नसला की सिम बंद पडू शकतं.

पासवर्ड बदललात की फोन, लॅपटॉप, टॅब सगळीकडे एज्युरोमचा, म्हणजे विद्यापीठाच्या वायफायचा, जुना पासवर्ड काढून नवा टाका. नाहीतर खिशातला फोन दिवसभर जुनाच पाठवत राहतो, आणि काही ठिकाणी तेवढ्यानेही खातं लॉक होतं.

"आज खातं बंद होईल, इथे क्लिक करा" असा मेल आला तर क्लिक नको. पत्ता स्वतः टाइप करा.

आता आपल्या मंडळींबद्दल. एका फ्लॅटमध्ये पाच मराठी पोरं राहिली की भाजी, कुकर आणि पासवर्ड सामाईक होतात. "आपलाच माणूस आहे रे!" असेल, पण त्याने तुमच्या लॉगिनवरून गृहपाठ भरला तर चौकशी तुम्हा दोघांची होते. आपण न मागितलेलं ड्युओ फोनवर आलं तर हिरवं बटण दाबायचं नाही, मग रूममेट पलीकडून कितीही ओरडो.

पदवीनंतर विद्यापीठाचा मेल बंद होणार असेल तर बँक आणि ओपीटीचा (शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीचा) पत्रव्यवहार आधीच स्वतःच्या मेलवर हलवा.

आणि सुट्टीवरून मला फोन कराल तेव्हा इथे किती वाजलेत ते बघून करा.