बावीस हजारांत लॅपटॉप: माझा अनुभव

धाकट्या बहिणीला कॉलेजसाठी लॅपटॉप हवा होता आणि खिशात होते 22,000. तेवढ्या पैशांत मला दाखवलेल्या नव्या मशीनमध्ये सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्त, कमी ताकदीचा प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि तीही बोर्डावरच सोल्डर केलेली. म्हणजे पुढे वाढवायची सोयच नाही. डबा नवाकोरा, आत सगळी बोंब.

मग जुन्याकडे वळलो. एक अट मात्र पक्की ठेवली: इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि सातव्या पिढीची बहुतेक मशीन्स विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाहीत. दुकानदार ‘आय-फाइव्ह आहे साहेब’ एवढंच सांगतो, पण हे नाव जुन्या-नव्या बऱ्याच पिढ्यांत असतं. पिढी विचारा!

लेनोवोचा थिंकपॅड टी480 हा लॅपटॉप मिळाला. त्याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून लावायची. दुकानातच कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून बॅटरी रिपोर्ट काढला. आतली बॅटरी ठीक होती, पण बाहेरची मूळ क्षमतेच्या निम्म्यावरही नव्हती. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती बॅटरी स्क्रू न खोलता बदलता येते, त्यामुळे त्याने मुकाट्याने दुसरी लावली. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जना) पासवर्ड नाही ना, हेही तिथेच पाहिलं. ऑफिसांतून निघालेल्या मशीनवर तो राहून जातो आणि मग डोक्याला ताप.

उरलेल्या पैशांत 8 जीबीची डीडीआर4 रॅम घेतली. दुसरा स्लॉट रिकामाच होता. मागचं झाकण उघडताना एक लॉक तुटलं, पण चालतंय.