जुनी एमजीबी घेताय? या चुका टाळा

इथे इंग्लंडात आपल्या ओळखीतलं कुणी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं म्हणू लागलं, की ती बहुतेकदा एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबीच असते. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांहून जास्त निघाल्या. सुटे भाग आजही मिळतात आणि बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं. मग फोन येतो, "दादा, लाल आहे, तारांची चाकं आहेत, इंजिन ओरिजिनल आहे म्हणतोय. घेऊ का?" मी विचारतो, "दाराखाली वाकून पाहिलंस का?"

हा प्रश्न मी पदरचे पैसे घालवून शिकलो. माझी पहिली एमजीबी जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी, एका व्यापाऱ्याकडून घेतली. दोन्ही दारांखाली स्टेनलेस स्टीलची झकास पट्टी होती, रंग नवा कोरा. पहिल्या पावसाळी हिवाळ्यानंतर पट्टीच्या कडेला फुगवटा दिसला म्हणून ती काढली, तर आत बोटभर पुट्टी आणि तिच्यामागे तांबूस भुगा. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला.

चूक पहिली आणि सगळ्यात महागडी: रंग पाहून भाव करणं

एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. बॉडी हाच सांगाडा. दाराखालचा जो उंबरठा, ज्याला इथे सिल म्हणतात, तो पत्र्याच्या तीन थरांचा असतो: बाहेरचा, मधला आणि आतला. गाडीचं सगळं बळ त्यात आहे. रोडस्टरला तर वर छप्पर नाही, त्यामुळे तिची मदार पूर्णपणे या उंबरठ्यांवर. पुढच्या चाकामागे मडगार्डच्या आत चिखल साठतो, ओल धरतो, आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत मधला थर बहुधा गेलेला असतो.

तपासायला यंत्र लागत नाही. दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट बघा. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर निमुळती झाली असेल तर गाडी मधोमध खचली आहे. मग मालकाच्या परवानगीने दाराखालच्या जॅकच्या जागी जॅक लावून ती बाजू उचला आणि दार उघडून-लावून पाहा. दार अडकलं, किंवा जॅकच आत रुतू लागला, तर तिथेच थांबा.

मी सोबत आमच्या फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट नेतो, हातरुमालात गुंडाळून, म्हणजे रंगाला ओरखडा पडत नाही. उंबरठा, मडगार्डचा खालचा भाग, मागच्या चाकाची कमान यांवरून तो हळूहळू फिरवायचा. खाली पत्रा असेल तिथे ओढ जाणवते, पुट्टी जाड असेल तिथे हात एकदम हलका होतो.

सिल बदलल्याचं मालक सांगेल. कसे बदलले, हे विचारा. नीट काम करायचं तर पुढच्या मडगार्डचा खालचा तुकडा काढून तिन्ही थर बघावे लागतात. सोपा मार्ग म्हणजे कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवणं. दोन्ही कामं रंगाखाली सारखीच दिसतात. फरक फक्त काम चालू असतानाच्या फोटोंत कळतो. फोटो नसतील तर दुसरा प्रकार धरूनच भाव करा.

'ओरिजिनल' हा शब्द ऐकून समाधान मानणं

ओरिजिनल काय, हे तोंडावर विचारावं. इंजिन? रंग? बॉडी? की फक्त स्टिअरिंग?

याचं उत्तर कागदात आहे. चॅसिस नंबरची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, सुरुवात जीएचएन असेल तर उघडी रोडस्टर, जीएचडी असेल तर जीटी. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्याच्या नोंदी जपल्या आहेत. तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मागवलं की गाडी कधी बनली, मूळ इंजिन नंबर, रंग, आतलं कापड आणि गाडी कुठे पाठवली, हे कळतं. अमेरिकेत गेलेल्या खूप गाड्या परत आणून डाव्या स्टिअरिंगच्या उजव्या केल्या आहेत. कोरड्या राज्यातून आलेली असेल तर तिचा पत्रा इथल्या गाडीपेक्षा चांगलाही असतो. पण हा बदल लपवून 'इंग्लंडचीच गाडी' असा भाव कुणी मागत असेल तर तो देऊ नका.

बंपरचंही तसंच. १९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांमुळे क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच झाली. क्रोमवाल्यांना मागणी जास्त, म्हणून रबरी बंपरच्या गाडीला क्रोम लावलेली दिसते. दिसायला छान, चालवायला चांगली, पण १९७८ च्या गाडीला १९७२ चा भाव कसा देणार? व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघा. कारखान्याने ३,५२८ सीसीच्या व्ही-८ जीटी १९७३ ते १९७६ या काळात फक्त २,५९१ बनवल्या, आणि रोडस्टर विक्रीला काढलीच नाही. त्यामुळे 'फॅक्टरी व्ही-८ रोडस्टर' असं कुणी म्हणालं तर ती नंतर केलेली आहे. वाईट नव्हे, पण वेगळी.

१९८८ पासून जुन्याच साच्यांवर अख्ख्या नव्या बॉडीही मिळू लागल्या. अशी गाडी ओरिजिनल म्हणायची का, यावर इथे तासन्‌तास वाद चालतात. माझं मत स्पष्ट आहे: नवी बॉडी नीट बसवलेली, पावत्यांसकट असेल, तर पुट्टीने सावरलेल्या जुन्या बॉडीपेक्षा मी तिला जास्त पैसे देईन.

बदल दिसला की नाक मुरडणं

उलट दिशेची ही चूक मी स्वतःही वर्षानुवर्षं केली. इलेक्ट्रॉनिक इग्निशन, विजेचा पंखा, शिसेविरहित पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व्ह सीट, इथे २०२१ पासून ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) हेच साधं पेट्रोल झाल्यामुळे बदललेले रबरी पाइप, हे सगळं गाडी रस्त्यावर राहावी म्हणून केलेलं असतं. त्यासाठी पैसे कापायचे नसतात. इंजिनाला पेट्रोल-हवेचं मिश्रण देणारे दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर काढून एक वेबर कंपनीचा लावलेला असेल तर काढलेले कुठे आहेत ते विचारा. जुने भाग खोक्यात जपून ठेवले असतील तर बदल मागे फिरवता येतो. खोकं गाडीसोबतच घ्या, नंतर मिळत नाही.

मागे न फिरणारे बदल वेगळे: कापलेला डॅशबोर्ड, रुंद चाकांसाठी छाटलेल्या कमानी, नव्या गिअरबॉक्ससाठी ठोकून वाकवलेला, दोन सीटांमधला पत्र्याचा बोगदा. तिथे किंमत हमखास पडते. मालकाने वीस हजार पौंडांच्या पावत्या दाखवल्या तरी त्या त्याच्या खर्चाच्या आहेत, तुमच्या किमतीच्या नाहीत.

गाडी चालवून बघताना इंजिन पूर्ण तापू द्या. थंड इंजिनात तेलाचा दाब सगळ्यांचाच चांगला दिसतो. तापल्यावर वेगात पन्नास पीएसआयच्या आसपास राहिला तर ठीक. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर चालू-बंद करून बघा. चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना इथे एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या वार्षिक तपासणीतून सूट आहे, म्हणून अनेक जण ती करतच नाहीत. व्यवहाराआधी करून मागा. आणि विमा घेताना कंपनीशी आधी ठरवलेल्या किमतीचा घ्या, केलेला प्रत्येक बदल कळवून.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांनी आयातीचे नियम आधी बघावेत. नोंदणीबद्दल एवढं लक्षात ठेवा: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणी पन्नास वर्षांवरच्या गाडीला मिळते, आणि तिची बॉडी, चॅसिस किंवा इंजिन मुळातून बदललेलं चालत नाही. मोठं इंजिन बसवलेली गाडी तिथे अडेल.

त्या लाल गाडीचं पुढे असं झालं. मी दिलेला मॅग्नेट घेऊन फोन करणारा परत गेला. डाव्या बाजूला मॅग्नेट सगळीकडे चिकटला, उजवीकडे दाराच्या लांबीभर खाली पडत राहिला. आता तो एक हिरवी जीटी बघतोय. वेबर लावलेली आहे, रंग जागोजागी उडालाय, सिलच्या कामाचे फोटो फाइलमध्ये लावलेले आहेत, आणि दोन एसयू वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या माळ्यावर ठेवलेले आहेत.