ट्रायलचं बजेट बनवताय? आधी परवानगीचे दिवस मोजा
नवीन औषधाची ट्रायल (माणसांवरची चाचणी) करायची असेल तर औषधाच्या किमतीआधी परवानगीला लागणारे दिवस धरा, कारण काम थांबलं तरी टीमचा पगार चालूच राहतो ना. भारताच्या नवीन औषधं आणि ट्रायलबद्दलच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे औषध भारतातच शोधलेलं, इथेच बनवून विकायचं असेल तर ३० कामकाजाचे दिवस, त्यात उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असंच धरतात (मला हा बदल खूप मोलाचा वाटतो), परदेशात शोधलेल्या औषधाला ९० कामकाजाचे दिवस. हॉस्पिटलची स्वतःची एथिक्स कमिटी (पेशंटची सुरक्षा आणि हक्क बघून ट्रायलला मंजुरी देणारी समिती) नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किमीच्या आतली चालते. पैसे वाचवायला ट्रायलमुळे इजा झाली तर पेशंटला द्यायच्या भरपाईची तरतूद कापू नका प्लीज. आणि सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधीच करा.