सेफ्टी रेझरची ब्लेड गॅप : या चुका टाळा

हनुवटीखाली रक्ताचे टिपके उमटले किंवा गालावरून हात फिरवताना खुंट बोटांना टोचले, की सेफ्टी रेझर वापरणारे बहुतेक जण दोष गॅपवर टाकून मोकळे होतात. गॅप मोठी म्हणून कापले, गॅप लहान म्हणून खुंट राहिले, असा सोपा हिशेब मांडून दुसरा रेझर मागवला जातो आणि पुष्कळदा त्यानेही तेच घडते. गॅपचा परिणाम खरा आहे. मात्र तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा ब्लेड बसवण्यात आणि हाताच्या दाबात असते, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे.

ब्लेड गॅप म्हणजे ब्लेडची धार आणि तिच्या खालचा सेफ्टी बार यांच्यामधील फट. रेझर ओढताना हा बार धारेच्या पुढे चालतो, त्वचा दाबून सपाट करतो आणि त्यामागोमाग धार केसाला भिडते. बार आणि धार यांच्यामधल्या फटीत त्वचा किंचित फुगून वर येते. फट जितकी रुंद तितका हा फुगवटा मोठा आणि धारेचा आधारही तितकाच दूर. त्यामुळे मोठ्या गॅपचा रेझर एका ओढीत जास्त केस काढतो आणि हात चुकला तर त्वचेलाही तितक्याच तत्परतेने लागतो. लहान गॅपची सौम्य आणि मोठ्या गॅपची आक्रमक, अशा दोन वृत्तींसाठी मराठीत मवाळ आणि जहाल हे तयार शब्द आहेत, तेच इथे वापरतो.

ही मापे किती बारीक आहेत, हे एका उदाहरणावरून कळेल. दुधारी ब्लेड साधारण ०.१ मिमी जाड असते. रॉकवेल या कंपनीच्या, ब्लेडखालची प्लेट (बेसप्लेट) बदलता येणाऱ्या रेझरमध्ये पहिल्या क्रमांकाची गॅप ०.२० मिमी, तर सहाव्या क्रमांकाची ०.७९ मिमी आहे. म्हणजे सर्वांत मवाळ आणि सर्वांत जहाल प्लेट यांच्यातील सगळा फरक एकावर एक ठेवलेल्या सहा ब्लेडांच्या जाडीएवढाच आहे.

आकडा पाहून रेझरचा स्वभाव ठरवणे

०.६८ मिमी गॅपचा रेझर मवाळ आणि ०.८४ मिमीचा जहाल, असे विधान एकाच घडणीच्या दोन प्लेटांबद्दल ठीक आहे. रेझोरॉकच्या गेम चेंजर या रेझरच्या प्लेटा याच दोन आकड्यांनी ओळखल्या जातात, आणि कॅप, म्हणजे ब्लेडवरचे झाकण, तीच राहत असल्याने तिथे तुलना न्याय्य ठरते. दोन वेगळ्या घडणीच्या रेझरांना मात्र हाच न्याय लावता येत नाही, कारण धार त्वचेला किती लागणार हे गॅपइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, एक्स्पोजरवर, म्हणजे धार किती पुढे आलेली आहे यावर, ठरते. कॅपच्या कडेला आणि सेफ्टी बारला एकाच वेळी टेकणारी एक सरळ रेषा मनात आणा. धार त्या रेषेच्या बाहेर आली असेल तर एक्स्पोजर धन, रेषेवर असेल तर शून्य आणि रेषेच्या आत राहिली असेल तर ऋण. गॅप मोठी पण एक्स्पोजर ऋण असलेला रेझर आश्चर्य वाटावे इतका सौम्य चालतो, तर लहान गॅपचा पण धार पुढे काढलेला रेझर पहिल्याच दिवशी आपली ओळख करून देतो. शिवाय गॅप कोठून कोठपर्यंत मोजायची याबाबत सगळे उत्पादक एकच पद्धत पाळतात असे नाही. म्हणून आकड्यांची तुलना एका घराण्यापुरती ठेवावी.

ब्लेड वाकडे बसले आहे, हे न पाहणे

सर्वांत जास्त वेळ या चुकीवर द्यायला हवा, कारण इथे गॅप दोन्ही बाजूंना वेगवेगळी झालेली असते आणि आपण मात्र छापील आकड्याला दोष देत बसतो. माझ्या एका तीन भागांच्या (कॅप, बेसप्लेट आणि दांडी) रेझरने जवळजवळ महिनाभर एकाच बाजूने ओरखडे काढले. दुसरी बाजू इतकी मऊ चालायची, की नकळत मी तीच अधिक वापरू लागलो होतो. शेवटी रेझरचे डोके उघडून नीट पाहिले, तेव्हा बेसप्लेटच्या एका टोकाला वाळलेल्या साबणाचा पांढरट थर चिकटलेला दिसला. नखाने खरवडल्यावर तो पापुद्र्यासारखा निघाला. जाडी ब्लेडएवढीही नसेल, परंतु जिथे ०.१ मिमीने प्लेटचा क्रमांक बदलतो, तिथे तेवढा थरही पुरेसा असतो.

तपासणी सोपी आहे. रेझर आडवा धरून डोके डोळ्यांच्या रेषेत आणावे आणि मागे उजेड ठेवावा. कॅपच्या कडेतून बाहेर डोकावणारी ब्लेडची चमकती पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या रुंदीची असली पाहिजे आणि रेझर फिरवल्यावर दुसऱ्या बाजूलाही तेवढीच दिसली पाहिजे. पट्टी एका टोकाला निमुळती होत असेल तर ब्लेड तिरके आहे. एक बाजू पूर्ण रुंद आणि दुसरी अरुंद असेल, तर ते एका बाजूला सरकले आहे. अशा वेळी दांडी अर्धा फेरा सैल करावी, डोके उलटे धरून ब्लेडच्या आखूड बाजू, म्हणजे जिथे धार नसते त्या, अंगठा आणि बोट यांच्यात धराव्यात, कॅप बेसप्लेटवर सरळ दाबून ठेवावी आणि मग दांडी पुन्हा आवळावी. दोन प्रयत्नांनंतरही पट्टी असमान राहिली, तर दुसरे ब्लेड घालून पाहावे. त्याच बाजूला तोच दोष दिसला तर तो रेझरचा, बाजू बदलली तर ब्लेडचा किंवा आपल्या बसवण्याचा.

साफसफाईसाठी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना दात घासण्याचा ब्रश बहुधा पुरतो. कठीण पाण्याचे क्षार जमले असतील तर पातळ केलेले व्हिनेगर चालते; परंतु जस्ताच्या मिश्रधातूवर क्रोम चढवलेले डोके, विशेषतः मुलामा उडालेला असल्यास, त्यात भिजत घालून विसरू नये, कारण आम्ल आतल्या धातूला खाते.

दांडी सैल ठेवणे किंवा पिळून आवळणे

दांडी किंचित सैल ठेवली की गॅप वाढते आणि दाढी जास्त गुळगुळीत होते, हा सल्ला अजूनही फिरत असतो. त्याला इतिहास आहे. किंग कॅम्प जिलेट यांच्या ज्या रेझरला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, त्यात पातळ ब्लेड वक्र कॅपखाली दाबून वाकवले जात असे आणि पकड कमीजास्त करून धारेची जागा थोडी बदलता येत असे. आजच्या बहुतेक रेझरांची घडण ब्लेड घट्ट दाबले जाईल हे गृहीत धरूनच केलेली असते. पकड सैल झाली की धार केसावर आदळून थरथरते, ओढ तुटक लागते आणि त्वचेवर समांतर बारीक रेघा उठतात. उलट टोकाला, जोर लावून पिळल्याने गॅप कमी होत नाही. ओतीव मिश्रधातूच्या कॅपचा आटे असलेला खांब मात्र तुटू शकतो. बोटांनी सहज थांबेल तिथपर्यंत आवळणे पुरेसे आहे.

लहान गॅपची भरपाई दाबाने करणे

मवाळ रेझर कमी कापतो असे वाटले की हात आपोआप जड होतो, आणि ही सवय कार्ट्रिज रेझरकडून (ब्लेडसह अख्खे डोके बदलायच्या रेझरकडून) आलेल्यांच्या अंगात विशेष मुरलेली असते. दाबल्याने बारच्या मागे त्वचा अधिक फुगते. म्हणजे लहान गॅपचा सगळा फायदा आपण स्वतःच घालवतो आणि तोही बेभरवशाने, कारण हाताचा दाब प्रत्येक ओढीला वेगळा असतो, फट मात्र निदान एकसारखी असते. मानेवर आग होणे, तासाभराने लाल पुरळ येणे आणि काही दिवसांनी केस आतल्या आत वळून वाढणे या तक्रारींत मी गॅपच्या आधी दाबाकडे आणि केसांच्या उलट दिशेने ओढण्याच्या घाईकडे पाहीन.

कोनाचेही तसेच आहे. कॅपची कड गालाला टेकवावी, दांडी त्वचेपासून दूर ठेवावी आणि मग ती हळूहळू खाली आणत जावे. जिथे धार केसाला लागल्याचा बारीक करकर आवाज येऊ लागतो, तो त्या रेझरचा कोन. प्रत्येक घडणीचा हा कोन थोडा वेगळा असल्याने नवा रेझर जुन्याच कोनात चालवून त्याला बोथट किंवा त्वचा कापणारा ठरवणे ही चूक फार सर्रास होते.

लांब केसांवर बारीक फट

चार-पाच दिवसांचे केस वाढलेले असताना अगदी लहान गॅपचा रेझर फेस आणि केस यांनी तुंबतो. मग धार केसाऐवजी गाळावरून घसरते आणि तोच भाग पुन्हा पुन्हा ओढावा लागतो. इथे मोठी गॅप किंवा कंगव्यासारखा बार असलेला रेझर खरोखर उपयोगी पडतो. रोज दाढी करणाऱ्याला त्याची गरज क्वचितच भासते, कारण एका दिवसात दाढीचा केस अर्धा मिलिमीटरही वाढत नाही.

ॲडजस्टेबल रेझरवर अनेक बदल एकदम करणे

जिलेटच्या १९५८ सालच्या ॲडजस्टेबल, म्हणजे गॅप कमीजास्त करता येणाऱ्या, रेझरवर १ ते ९ आकड्यांची चकती होती, आणि हौसेने थेट वरच्या आकड्याला हात घालणारे तेव्हाही असतीलच. खालच्या आकड्यापासून सुरुवात करावी आणि तीन-चार दाढ्या एकाच जागी राहून मगच एक आकडा वर जावे. त्या काळात ब्लेडचा ब्रँड आणि साबण बदलू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. अशा जुन्या रेझरांत ब्लेड पूर्ण आवळलेले असताना चकती फिरवल्याने आतल्या यंत्रणेवर ताण येतो. आधी बुंध्याची कळ अर्धा फेरा सैल करून आकडा लावावा आणि मग पुन्हा आवळावे. मर्कूर प्रोग्रेससारख्या रेझरात कॅप आणि बेसप्लेट यांवरच्या खुणा एकमेकींसमोर आणाव्या लागतात. कॅप उलटी बसली तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

ब्लेडखाली जुन्या ब्लेडचा धार कापलेला तुकडा घालून गॅप वाढवण्याची युक्तीही काही जण करतात. तिने फट सुमारे ०.१ मिमीने वाढते हे खरे, पण ब्लेड वर उचलले गेल्याने एक्स्पोजरही सोबत वाढते, म्हणून परिणाम अपेक्षेपेक्षा जहाल येतो. त्यातच धार कापताना बोट कापून घेण्याची जोखीम आहे. पुढच्या क्रमांकाची प्लेट मिळत असेल तर या वाटेला मी जाणार नाही.

ब्लेड सरळ बसले आहे, दांडी नीट आवळली आहे, हात हलका आहे, कोन सापडला आहे आणि तरीही जबड्याच्या खोलगट भागात प्रत्येक वेळी खुंट राहत आहेत, तर मात्र गॅप खरोखर अपुरी असू शकते. तेव्हा एक प्लेट वर जावे, नवे ब्लेड घालावे आणि पहिल्या दाढीत मानेवर केसांच्या दिशेनेच हात चालवावा.