मशीनमध्ये बोट सापडलं, तर पहिल्या दिवशी या चुका टाळा

दवाखान्याच्या दारात सुपरवायझर कानाशी लागतो, "घरात पडलो म्हणून सांग रे, बाकीचं मालक बघतात की." बेळगावातलं उद्यमबाग असो, मच्छे असो की वडगावातला पॉवरलूम, हे वाक्य ठरलेलं. कामगारही मान डोलावतो, कारण त्या घडीला रक्त थांबायला हवं असतं, वाद नको असतो. पण केसपेपरवर एकदा "घरी पडून जखम" असं आलं की पुढे प्रत्येक टेबलावर तोच कागद आडवा येतो. डॉक्टरांना खरं सांगा: कुठला कारखाना, कुठलं मशीन, किती वाजता. एमएलसी (दवाखान्याने पोलिसांना कळवायची नोंद) होईल, पोलीस येतील, म्हणून बिचकू नका. ती नोंद तुमच्याविरुद्ध नसते. कामावरच जखम झाली, याचा तोच पहिला पुरावा.

तुटलेलं बोट थेट बर्फात टाकू नका

धावपळीत हमखास होणारी चूक ही. बर्फ थेट लागला की पेशी मरतात आणि बोट जोडता येत नाही. तुकडा स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात उंच ठेवा, अंगठी लगेच काढा. बोटाला तार किंवा दोरी आवळू नका. हळद, चुना, तंबाखू यातलं काहीही जखमेत भरू नका. निपाणीकडे तंबाखूची सवय अजून आहे, म्हणून मुद्दाम सांगतोय.

बेळगावात हायड्रॉलिकचं काम भरपूर, त्यामुळे एक जखम इथे जास्त ओळखीची असायला हवी. होजला, म्हणजे तेलाच्या नळीला, बारीक छिद्र पडतं, गळती कुठे आहे हे कुणीतरी बोटाने चाचपतं आणि दाबाखालचं तेल कातडीत घुसतं. बाहेरून दिसतो फक्त सुईएवढा ठिपका. सुरुवातीला दुखतही नाही. माणूस पट्टी लावून शिफ्ट पुरी करतो, रात्री हात सुजून टणक होतो. ही तातडीच्या ऑपरेशनची केस आहे. उशीर झाला तर बोट काढावं लागू शकतं. "ऑइल प्रेशरने आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगाच, नाहीतर टीटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

"चूक माझीच होती"

हे म्हणून गप्प बसणारे कितीतरी. पण निष्काळजीपणामुळे भरपाई बुडत नाही. दारू किंवा नशेत असणं, स्पष्ट आदेश मुद्दाम मोडणं, मशीनचा गार्ड (सुरक्षेचं झाकण) जाणूनबुजून काढणं, या कारणांवर मालकाला हात वर करता येतात. कायमचं पूर्ण अपंगत्व किंवा मृत्यू झाला तर तेही चालत नाही. प्रॉडक्शन वाढावं म्हणून कारखान्यानेच गार्ड काढून ठेवला असेल, तर तो दोष तुमच्या माथी मारू देऊ नका. तसंच, ठेकेदाराकडून आलात म्हणून मुख्य मालक सुटत नाही.

महिन्याचा पगार 21,000 पर्यंत आणि कारखाना ईएसआयखाली (सरकारी कामगार विमा) असेल, तर कामावरच्या अपघातात बरे होईपर्यंत साधारण 90 टक्के वेतन मिळतं. वर्गणी किती दिवस भरली, अशी अट त्याला नाही. कायमचं नुकसान झालं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्यावर दरमहा रक्कम सुरू होते. त्यासाठी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नाव आलंय का आणि मालकाने अपघाताचा अहवाल पाठवलाय का, हे त्याच आठवड्यात बघा. घाईत कोल्हापूर-मिरजेला नेलं असेल तर बिलं जपा आणि ईएसआयला लगेच कळवा.

ईएसआय नसेल तर कर्मचारी भरपाई. 1923 चा हा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. ईएसआय आणि कर्मचारी भरपाई, यांपैकी एकच वाट मिळते. कमाईची ताकद किती टक्के गेली, हे कायद्याच्या परिशिष्टात ठरलेलं आहे: अंगठ्याला 30 टक्के, अख्ख्या तर्जनीला 14, करंगळीला 7. तीस वर्षांच्या कामगाराचा हिशेबासाठी धरलेला पगार 15,000 असेल, तर त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणक 207.98, त्याचे 14 टक्के. तर्जनीचे साधारण 2 लाख 62 हजार झाले. आणि हातावर काय टेकवतात? पाच-दहा हजार आणि मिठाईचा डबा.

त्यासोबत एक कागद येतो, बहुतेक वेळा कन्नडमध्ये. बोलता येणारे पुष्कळ, पण वाचता येणारे कमी. "तक्रार नाही, सर्व रक्कम मिळाली" असं त्यात असू शकतं. कन्नड शाळेत शिकलेल्या पोराकडून शब्द न् शब्द वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा नको. सही झालीच असेल तरी हातपाय गाळू नका, भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मालकाने रक्कम एका महिन्यात द्यायची असते, नाही दिली तर 12 टक्के व्याज लागतं. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा. हजेरी, पगाराच्या बँक नोंदी, गेटपास, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, सगळ्याच्या प्रती घरी ठेवा. कारखान्यातल्या लॉकरमध्ये नको.