पृथ्वी तत्त्वाशी जोडायचंय? मग या चुका टाळा, मी केल्यात

आधीच सांगते, मी चौथ्या मजल्यावर राहते, खाली पेव्हर ब्लॉक, माती म्हणाल तर गॅलरीतल्या सहा कुंड्या. तरी दोन वर्षं झाली, पंचमहाभूतांतल्या पृथ्वीशी जोडून घेत ध्यानाने मन स्थिर करायचं, हे माझं चालू आहे आणि खालच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे वस्तू विकत घेणं. मी ऑनलाइन अर्थिंगची चटई मागवली, तिची वायर प्लगच्या अर्थिंगच्या भोकात घालायची, म्हणजे बिल्डिंगच्या अर्थिंगमधून आपण जमिनीला जोडलो असा हिशोब. मग फॅनचं काम करायला आलेल्या वायरमनने बोर्ड उघडला आणि म्हणाला, ताई, याला अर्थिंगची वायरच जोडलेली नाही. सहा महिने मी नुसत्या प्लास्टिकवर बसून स्थिर होत होते! चटईचं जाऊ द्या, पण जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर गीझरसाठी तरी हे चेक करून घ्याच.

दुसरं, अनवाणी चाला असं सगळेच सांगतात पण कुठे चालायचं नाही ते कोणी सांगत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात अजिबात नको, त्यात उंदराचं मूत मिसळलेलं असतं आणि पायाला साधी भेग असली तरी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होऊ शकतो. जिथे लोक उघड्यावर बसतात त्या मातीतही नको, तिथले हूकवर्म नावाचे जंत पायाच्या कातडीतूनच आत शिरतात. सोसायटीच्या लॉनवर उतरण्याआधी माळीकाकांना औषध कधी मारलं ते विचारा. आणि शुगर असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालूच नका, खडा टोचून जखम झाली तरी कळत नाही. त्यापेक्षा हाताने माती कालवा, तेवढं पुरतं.

काही जण आसन बाजूला सारून थेट फरशीवर बसतात, का तर "डायरेक्ट कनेक्शन". अहो, गीतेच्या सहाव्या अध्यायात सुद्धा ध्यानाला बसायचं ते दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र अंथरून, असंच सांगितलंय. थंडीत गार फरशीवर बसलात की दहाव्या मिनिटाला सगळं लक्ष कंबरेकडे. पृथ्वी मुद्रेचंही (ध्यानात बोटं जुळवून धरायची पद्धत) तसंच, अनामिका आणि अंगठ्याची टोकं टेकवायची असतात, नखं पांढरी पडेपर्यंत दाबायची नसतात.

आता सगळ्यात कॉमन तक्रार, "काहीच वाटत नाही". इथे जरा थांबू, कारण लोक डोळे मिटून मूलाधार (पाठीच्या कण्याच्या तळाशी मानलेलं पृथ्वी तत्त्वाचं चक्र) शोधत बसतात आणि नाक वापरतच नाहीत. आपल्याकडे पृथ्वीचा खास गुण गंध सांगितलाय ना! कोरड्या कुंडीत ओंजळभर पाणी शिंपडा, जवळ वाका, हळू श्वास घ्या. तो मातीचा वास बराचसा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू बनवतात, आणि माणसाचं नाक ते लाख कोटी भागांत मोजके भाग असले तरी ओळखतं. पण नाक लवकर सरावतं, मिनिट दोन मिनिटात वास गेल्यासारखा वाटतो, तेव्हा ध्यान बिघडलं म्हणून घाबरू नका, तोंड वळवा, थोड्या वेळाने परत या. वासाऐवजी कुबट दर्प आला तर मात्र कुंडीत पाणी साचलंय, खालचं भोक बुजलंय का बघा. (माझी तुळस अशीच गेली, मी रोज श्रद्धेने तांब्याभर पाणी घालत होते.)

आणखी एक, पृथ्वी तत्त्व वाढवायचं म्हणून रताळी, साबुदाणा, तूप चापणारे भेटतात. आयुर्वेदात कफ म्हणजेच पृथ्वी आणि जल, त्यामुळे आधीच सुस्ती असेल, सकाळी उठवत नसेल, तर तुम्हाला अजून जड व्हायचं नाहीये, तुम्ही चालायला जा.

शेवटचं गणपतीचं. शाडूच्या मूर्तीचं बादलीत विसर्जन करून तो गाळ तसाच्या तसा कुंडीत ओतू नका, शाडू फार बारीक असतो, वाळला की वर पापडी धरते आणि पाणी मुळापर्यंत जात नाही. मूर्ती विरघळली की वरचं पाणी झाडांना घाला, खालचा गाळ जुन्या चादरीवर वाळवा, दगडासारखा झाला की डब्यात भरून ठेवा. पुढच्या वर्षी भिजवून मळला की परत मूर्तीला चालतो. आमच्या डब्यावर मोठ्या अक्षरात "बाप्पा" लिहिलंय, कारण पहिल्या वर्षी कामवाल्या मावशींनी तो भांडी घासायची माती समजून अर्धा संपवला होता.