धान्यपेढीसाठी वायनरीत मदतभोजन: १०० पानांचा हिशेब

नाशिककडच्या वायनरीकडे रोख मदत मागण्यापेक्षा वाइन आणि जागा मागा. होकार लवकर येतो. तारीख धरताना ड्राय डे तपासा, २ ऑक्टोबर तर बादच. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एकदिवसीय परवाना लागेल का, हे वायनरीलाच विचारा. २१ वर्षांखालच्यांना वाइन द्यायची नाही.

७५० मिलीच्या बाटलीत ७५ मिलीचे १० पेले. प्रत्येकाला तीन वाइनचा एकेक पेला म्हणजे १०० जणांना ३० बाटल्या, वर ३ जादा. गडबड होते ती वाढप्यांच्या सैल हाताने: पेला १०० मिलीचा झाला की १० बाटल्या जास्त उडतात. मापानेच ओता. शेनिन ब्लां ही पांढरी वाइन बर्फ आणि पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवा. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही.

पाहुण्यांना पावती फक्त देणगीच्या रकमेची, जेवणाची किंमत वगळून. २,००० रुपयांवरची रोख देणगी करसवलतीत बसत नाही, म्हणून यूपीआय बरे.

उरलेले अन्न ६० अंशांवर गरम असेल तरच पुढे पाठवा. दोन तास बाहेर राहिलेला भात मात्र कुणालाच देऊ नका.